विषय: डेझीआज्जी बेळगावात आणता येईल काय?

वडगावकर, रेडिंग:

ब्रिटनमधल्या बेळगावकर मंडळी,

इथल्या ओटू मोबाइल कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेली डेझीआज्जी आठवते ना? भामट्याशी विणकाम, मांजर, नातेवाईक असलं काहीबाही बोलत त्याला चाळीस-चाळीस मिनिटं अडकवणारी एआय आज्जी. मार्च २०२५ मध्ये आपल्या खानापूर तालुक्यात 'डिजिटल अरेस्ट'च्या (खोटे पोलीस फोनवरच 'अटक' झाली म्हणून धमकावून पैसे उकळतात, त्या) जाचाने वृद्ध जोडपं गेलं, तेव्हापासून आईच्या काळजीने माझा जीव थाऱ्यावर नाही.

आपल्यात आयटीवाल्यांना काय तोटा? गणपतीच्या वर्गणीतली शिल्लक घालून बेळगावी आज्जी करूया की! तिकडून 'मुंबई क्राइम ब्रांच' म्हटलं की इकडून, "कोण बोलालाय बा? गणपत गल्लीतनं कुंदा आणतो म्हटलेलास, त्याचं काय झालं?" मध्येच दोन वाक्यं कन्नड. पळूनच जाईल.

शहापूरकर, लीड्स:

आज्जी झकास, पण दादा, डेझी कुणाच्या घरचा फोन उचलत नाही. भामट्यांच्या याद्यांत तिचे नंबर मुद्दाम घुसवलेत. त्यावर फोन आला की त्याचं बोलणं मजकुरात उतरतं, भाषा-मॉडेल उत्तर रचतं आणि ते म्हातारीच्या आवाजात ऐकू येतं. वेळ भामट्याचा जातो, हे खरंच. पण तुझ्या आईला आलेला फोन आईच उचलणार.

तिच्या कामाचं एआय वेगळं. एअरटेल सप्टेंबर २०२४ पासून संशयित स्पॅम कॉलवर तशी सूचना दाखवतं, २०२५ पासून मराठी आणि कन्नडमध्येही. मात्र खोटे पोलीस येतात ते बहुधा व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर, आणि तो कॉल या चाळणीतून जातच नाही.

आमच्या अप्पांना आलेला असाच फोन. १९८६ च्या सीमा आंदोलनात ते हिंडलगा जेलमध्ये होते. त्यालाच म्हणाले, "अटक काय असते ते मला सांगालास? वॉरंट घेऊन घरी ये, चहा देतो." कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

खानापूरची, स्लाव:

भावांनो, सगळ्यांचे अप्पा ८६ चे नसतात. माझ्या आईने पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही. 'कुणाला सांगायचं नाही, फोन ठेवायचा नाही' एवढ्या दमावर ती दोन दिवस खोलीत बसून राहील, आणि आम्ही इथे समजणार की झोपली असेल.

म्हणून शिल्लक आज्जीवर घालू नका. आपल्यातले निवृत्त होऊन बेळगावला परतलेत, त्यांना विचारूया: टिळकवाडी, शहापूर, वडगाव, खानापूर, प्रत्येक ठिकाणी आईवडील निःसंकोच हाक मारतील असं एक घर. पैसे गेलेच तर त्या घरातल्यांनी लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३० लावायचा आणि बँक गाठायची. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. नुसता संशयित फोन आला असेल तर सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरच्या 'चक्षू' सुविधेत तक्रार.

आणखी एक. आपल्या गणेशोत्सवाचे व्हिडिओ यूट्यूबवर उघडे आहेत. नाव, गाव, चेहरा, आवाज, सगळं. थोड्याशा आवाजावरून नक्कल करणारं एआय भामट्यांकडेही आहे. 'आई, अडकलोय, पैसे पाठव' हे तुमच्याच आवाजात गेलं तर? घरात एक खुणेचा शब्द ठरवा, भामट्याला न सुचणारा. व्हिडिओ कुणाच्या खात्यावर आहेत? आज रात्रीच प्रायव्हेट करा, बाकीचं रविवारच्या बैठकीत.