जीटीए ६ साठी पीसी अपग्रेड करायचाय, बजेट ४५ हजार, आत्ताच घेऊ की थांबू?

वऱ्हाडी_प्लेयर (अकोला)

मंडळी मदत हवीय. माझा पीसी २०१९ मधे असेंबल केलेला आहे, रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चा बोर्ड, ८ जीबी रॅम (एकच स्टिक आहे, २४०० ची), ग्राफिक कार्ड जीटीएक्स १०६० ६ जीबी, विंडोजपुरती छोटी एसएसडी आणि गेम सगळे १ टीबी हार्डडिस्कवर. पॉवर सप्लाय ४५० वॅटचा, कॅबिनेटसोबतच आलेला, कंपनीचं नाव कुठं ऐकलेलं नाही. मॉनिटर साधा १०८०पी ७५ हर्ट्झ, तो बदलायचा नाहीये.

जीटीए ५ आणि रेड डेड २ दोन्ही याच्यावरच पूर्ण केलेत. आता १९ नोव्हेंबरला जीटीए ६ येतोय तर त्याच्या आधी पीसी तयार करून ठेवायचाय. इन्स्टावर एक लिस्ट फिरतेय त्यात ३२ जीबी रॅम आणि आरटीएक्स ४०७० कार्ड लिहिलंय, ती बघून टेन्शन आलं. इथला दुकानदार म्हणतो बोर्ड प्रोसेसर रॅम सगळं काढ आणि डीडीआर५ (नवीन पिढीची रॅम) वर ये, आणि रॅमचे भाव रोज चढतायत म्हणून या आठवड्यातच ठरव. बाबांनी ४५ हजार द्यायचं कबूल केलंय पण त्यानंतर दोन-तीन वर्षं कॉम्प्युटरसाठी एक रुपया मागायचा नाही ही अट आहे, त्यामुळे एकदाच काय ते नीट करायचंय. काय करू?

सर्किट_नाशिक

भाऊ आधी ती इन्स्टाची लिस्ट डोक्यातून काढ. १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस या कन्सोलसाठी आहे, गेम बनवणाऱ्या रॉकस्टारनं पीसी व्हर्जन आजपर्यंत जाहीरच केलेलं नाही, मग त्याच्या रिक्वायरमेंट कुठून येणार? अशा सगळ्या लिस्ट कुणीतरी घरी बसून बनवलेल्या असतात. आणि आधी हाच गेम २६ मे ला येणार होता, तो पुढं ढकलला, हेही लक्षात ठेव.

आता मागचा इतिहास बघ. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला, पीसीवर एप्रिल २०१५ ला, म्हणजे १९ महिने मधे गेले. रेड डेड २ ऑक्टोबर २०१८ ला कन्सोलवर आणि नोव्हेंबर २०१९ ला पीसीवर, वर्षाच्या वर. याच चालीनं गेलं तर पीसीवर जीटीए ६ यायला २०२७ ची अखेर किंवा २०२८ उजाडेल, हा माझा अंदाज आहे, कंपनीचा शब्द नाही. पण आज ४५ हजार घालून जे घेशील ते गेम येईपर्यंत दोन वर्षं जुनं झालेलं असेल आणि बाबांची अट तर तेव्हाच संपत येईल. वाईट सौदा आहे हा.

एक खूण मात्र आपल्या हातात आहे. गेम बेसिक पीएस५ वर चालणार हे नक्की, दुसरा ट्रेलर (मे २०२५) पीएस५ वरच रेकॉर्ड केलाय असं रॉकस्टारनं स्वतः सांगितलंय. पीएस५ मधे ८ कोअरचा झेन २ प्रोसेसर आणि सगळं मिळून १६ जीबी मेमरी आहे, सिरीज एस मधे तर फक्त १० जीबी. म्हणजे उद्या पीसीवर आला तर १०८०पी ला खेळायला ४०७० च पाहिजे असं मानायला काहीच आधार नाही. रेड डेड २ पीसीवर आला तेव्हा रेकमेंडेडमधे तुझं हेच १०६० होतं, २०१६ चं कार्ड.

बोर्ड अजिबात बदलू नको. एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) आहे तुझं, त्याच बोर्डात रायझन ५ ५६०० हा नवा प्रोसेसर बसतो, बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केला की झालं. दुकानदार डीडीआर५ सांगतोय त्यात त्याचं बिल मोठं होतं आणि सध्या डीडीआर५ हीच सगळ्यात महागलेली गोष्ट आहे.

आत्ता करण्यासारखं एवढंच, पॉवर सप्लाय, रॅमची दुसरी स्टिक आणि १ टीबी एसएसडी. उरलेले पैसे बाबांकडेच राहू दे, गेमच्या खऱ्या रिक्वायरमेंट आल्या की कार्ड घे.

लॅमिंग्टन_रोडकर

सर्किट भाऊंचं बोर्डाबद्दलचं १०० टक्के बरोबर पण कार्डसाठी थांब म्हणणं मला पटत नाही.

रॅम का महागलीय ते समजून घ्या. एआय डेटा सेंटरसाठी मेमरी बनवायच्या मागे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन हे तिघंही लागलेत, मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मधे क्रुशल हा आपल्यासारख्या ग्राहकांचा ब्रँडच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. आणि ग्राफिक कार्डावरची मेमरी कोण बनवतं? हेच तिघं. त्यामुळे १६ जीबीवाली कार्डं स्वस्त होतील म्हणून वाट बघणं मला धोक्याचं वाटतं.

दुसरं म्हणजे १०६० ची वेळ आता खरंच भरली. पास्कल कार्डांना (१०६० त्याच पिढीचं) एनव्हिडियाचे नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले, आता फक्त सिक्युरिटीचे अपडेट येणार. इंडियाना जोन्स आणि डूम द डार्क एजेस हे गेम रे ट्रेसिंगच्या (प्रकाश-सावल्यांचा हिशेब करणाऱ्या) हार्डवेअरशिवाय चालू द्यायचे नाहीत असंच बनवलेत, १०६० वर ते खेळताच येणार नाहीत. जीटीए ६ पण तसाच असेल असं मी म्हणत नाही पण वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसतंय.

घ्यायचंच असेल तर आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं. ८ जीबीवालं त्याच नावानं मिळतं, बॉक्सवर नीट वाचून घे. आणि आरटीएक्स ५०६० तुझ्या बोर्डावर नको, कारण सांगतो. ते कार्ड स्लॉटच्या ८ च लेन (डेटा जायचे रस्ते) वापरतं आणि बी४५० चा स्लॉट जुना, पीसीआयई ३ चा. कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की माल सिस्टीम रॅममधून आणावा लागतो आणि तो रस्ता निम्माच उघडा, मग गेम मधेच अडकतो, एफपीएसचा (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा) आकडा ६० दाखवतो पण हाताला झटके जाणवतात. ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेन वापरतं.

बिल जीएसटीचंच घे आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घे, नाहीतर वॉरंटीला गेल्यावर डिस्ट्रिब्युटर दारात उभं करत नाही.

वऱ्हाडी_प्लेयर (अकोला)

धन्यवाद दोघांना. पीसीवर जाहीरच झालेला नाही हे मला खरंच माहीत नव्हतं, सगळे ग्रुपवर पीसीचंच बोलतायत. पण १६ जीबीचं कार्ड घेतलं तर ४५ मधे बाकी काही बसत नाही, आणि कार्ड घेऊन ८ जीबी रॅम आणि हार्डडिस्कवर चालवलं तर उपयोग होईल का? आणि मला प्रोसेसर आधी लागेल की कार्ड हे कसं कळणार?

पिक्सेल_ताई (पुणे)

हे तुझं तुलाच तपासता येतं, कुणाला विचारायची गरज नाही. एमएसआय आफ्टरबर्नर टाक, गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दाखवतो. रेड डेड २ मधे सेंट डेनिस शहरात घोडा पळव, तिथं प्रोसेसरवर सगळ्यात जास्त लोड येतो. कार्डाचा वापर ९५ च्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ६०-७० वर रेंगाळत असेल आणि तरी एफपीएस पडत असतील तर प्रोसेसर नाहीतर रॅम अडवतेय. अजून खात्री करायची असेल तर रिझोल्युशन ७२०पी कर, तरी एफपीएस वाढले नाहीत तर नवीन कार्ड घालून काही होणार नाही, तिथंच अडकशील. टास्क मॅनेजरमधे रॅम पण बघ, ८ जीबीवर ती काठोकाठ भरलेली दिसेल आणि मग विंडोज हार्डडिस्क खरवडत बसतं.

एका स्टिकवर चालवणं म्हणजे मेमरीचा निम्मा वेग वाया घालवणं आणि रायझनला ते जास्त बोचतं. दुसरी ८ जीबीची डीडीआर४ स्टिक सेकंडहँड घेतलीस तरी चालेल, रॅममधे हलणारं झिजणारं काही नसतं, ऑफिसांचे जुने पीसी निघतात त्यातल्या भरपूर फिरतात. फक्त डेस्कटॉपचीच आहे ना बघ, लॅपटॉपची छोटी असते. घरी आणून रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) लाव, एकही एरर आली तर परत कर. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे लाव, शेजारी शेजारी नको.

पण माझा सगळ्यात जास्त आग्रह पॉवर सप्लायचा आहे, आणि तू अकोल्याचा आहेस म्हणून तर दुप्पट. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या सप्लायवर ४५० लिहिलेलं असतं पण तो खरोखर किती देतो ते कुणी तपासलेलं नसतं, त्यात सात वर्षं जुना, त्यात तुमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. खोलीतच ४० असेल तर कॅबिनेटच्या आत काय असेल विचार कर. सप्लाय गेला तर कधीकधी बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जातो. नावाजलेल्या कंपनीचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग), ५५० किंवा ६५० वॅट, पाच वर्षं वॉरंटीवाला घे. ९०६० एक्सटी १६० वॅटचं कार्ड आहे, ५५० मधे आरामात बसतं. मोलेक्सपासून (जुना चार पिनांचा कनेक्टर) ८ पिन करायची केबल दुकानदार देईल "चालतंय हो" म्हणून, ती अजिबात लावू नको, त्या वायरी जळलेल्या मी बघितल्यात. मॉड्युलर (केबल वेगळ्या निघणारा) घेतलास तर जुन्या सप्लायच्या केबल नव्याला जोडायच्या नाहीत, पिना सारख्या दिसतात पण आतलं वायरिंग वेगळं असतं, ड्राइव्ह जागेवर मरते.

समोरून हवा घेणारा एक पंखा आणि मागून टाकणारा एक, आणि उन्हाळ्याच्या आधी धूळ काढणं. यावर हजार रुपये सुद्धा जात नाहीत पण तुमच्या हवेत कार्डाचं आयुष्य याच्यावरच ठरतं.

कोकण_स्पीडरन

ज्याला १९ नोव्हेंबरलाच खेळायचाय त्याच्यासमोर कन्सोल हाच एक रस्ता आहे. पण सिरीज एस स्वस्त म्हणून घेताना त्याची स्टोरेज बघा, ५१२ जीबीवालं मॉडेल असेल तर हा एकच गेम किती जागा खाईल सांगता येत नाही. रेड डेड २ नं पीसीवर १५० जीबी मागितले होते.

लॅमिंग्टन_रोडकर

पिक्सेल ताईंशी सहमत, सप्लाय आधी. नवीन कार्ड बजेटमधे बसत नसेल तर सेकंडहँड आरटीएक्स ३०६० १२ जीबी बघ, १६ लेन वापरतं, १७० वॅट, रे ट्रेसिंग आहे, डीएलएसएस (एनव्हिडियाचं एफपीएस वाढवणारं तंत्र) चालतं. तीन वर्षांची वॉरंटी बहुतेकांची संपलेली असणार, म्हणून समोर बसून अर्धा तास तरी गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. क्रिप्टो मायनिंगला वापरलेली कार्डं बाजारात भरपूर आलीत, पंखे खरखरतात का आणि तापमान कुठं जाऊन थांबतं ते बघ. कुरियरनं मागवू नको.

वऱ्हाडी_प्लेयर (अकोला)

आफ्टरबर्नर लावून बघितलं. सेंट डेनिसमधे कार्ड ७० च्या आसपास आणि रॅम पूर्ण भरलेली, ७२०पी केलं तरी एफपीएस जेमतेम तेवढेच. म्हणजे माझं कार्ड अडवत नाहीये हे स्पष्ट दिसतंय.

तर असं ठरवतोय, आत्ता सप्लाय, दुसरी रॅम स्टिक आणि १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, मग रायझन ५ ५६००. उरलेले पैसे बाबांकडे, त्यांना पण ते आवडलं. इंडियाना जोन्स खेळायची फार इच्छा झाली तर ३०६० शोधेन, नाहीतर जीटीए ६ पीसीवर जाहीर होईपर्यंत कार्डाला हात लावत नाही. ५६०० साठी बायोस अपडेट लागेल म्हणालात तो मी स्वतः करू का? आमच्याकडं लाईट कधी जाईल भरवसा नाही.

सर्किट_नाशिक

कर की, अवघड नाही, पण क्रम पाळ. अपडेट जुना २६०० बोर्डात असतानाच करायचा. ५६०० आधी बसवलास तर जुना बायोस त्याला ओळखणार नाही आणि स्क्रीन काळी राहील, मग परत सगळं उघड. बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन नंबर बोर्डावरच छापलेला असतो, तो वाचून कंपनीच्या साईटवरूनच फाईल घे, दुसरीकडून नाही. सपोर्ट लिस्टमधे ५६०० समोर कुठलं बायोस व्हर्जन लिहिलंय ते बघ, मधलं एखादं व्हर्जन आधी टाकायला सांगितलं असेल तर तेही टाक. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅट करून त्यात टाकायची आणि बायोसच्या आतूनच अपडेट करायचं, विंडोजमधून नको.

लाईटचं म्हणशील तर यूपीएसवरच कर, अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड गेला समज. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, बायोसच्या स्क्रीनवर पीसी फार पॉवर घेत नाही त्यामुळे पुरतो, फक्त बॅटरी जुनी असेल तर आधी प्लग काढून पाच-दहा मिनिटं पीसी चालतोय का बघ. घरी नसेल तर कुणाचा तरी एक दिवस माग. अपडेटनंतर बायोसमधली सगळी सेटिंग मूळ जागी जातात, तेव्हा रॅमचं एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग) आणि एफटीपीएम (प्रोसेसरमधली सिक्युरिटीची सोय) परत चालू कर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ११ टाकशील तेव्हा ते एफटीपीएम लागतंच. बॅटलफिल्ड ६ खेळायचा असेल तर बायोसमधलं सिक्युअर बूट पण, पण त्याच्या आधी तुझी विंडोजची डिस्क जीपीटी (डिस्कची नवी मांडणी) आहे का ते तपास, जुनी एमबीआर असेल तर विंडोज बूटच होणार नाही.

५६०० च्या बॉक्समधे कूलर येतो, वेगळा घ्यायची गरज नाही. २६०० काढताना आधी पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून कूलर गरम होऊ दे, मग पीसी बंद करून प्लग काढ आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडव. थंड असताना सरळ वर ओढलास तर पेस्ट चिकटलेली असते, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. बोर्डाचं मॉडेल इथं टाक, कुठलं बायोस व्हर्जन लागेल ते मी बघून सांगतो.