राजस्थानातले डोंगरी किल्ले, पुण्याहून स्वतःची गाडी, नऊ दिवस : सल्ला हवा

चाकोरीबाहेर
नमस्कार मंडळी. भाऊबीज आटपली की दुसऱ्या दिवशी गाडी काढायचा बेत आहे. युनेस्कोच्या २०१३च्या यादीतले सहाही किल्ले (चित्तोड, कुंभलगड, रणथंभोर, गागरोन, आमेर, जैसलमेर) एका दमात करावेत असं मनात आहे. सोबत बाबा, वय ७१. पन्नाशीत राजगड चढलेला माणूस, पण आता गुडघा कुरकुरतो. चालवणारा मी एकटाच. जमेल का?

गडकरी_बिनगडाचा
जमेल की, पण किल्ले गाडीच्या काचेतूनच बघाल! पुणे ते उदयपूर हेच नऊशेच्या आसपास किलोमीटर. जैसलमेर आधी खोडा, ते पार पश्चिमेच्या टोकाला. आमेर-रणथंभोर पुढच्या खेपेला जयपूर धरून करा. उरले कुंभलगड, चित्तोड, गागरोन. आणि आल्या वाटेनं परतू नका. गागरोन झालावाडला खेटून आहे, तिथून उज्जैन, इंदूर, सेंधवा, धुळे करत घरी.

मीनल_बडोदेकर
भाऊबीजेनंतर आठवडाभर अर्धा गुजरात उदयपुरात असतो हो! आम्हीही त्यातलेच. गेल्या वर्षी कुंभलगडाखाली गाडी लावायलाच पाऊण तास गेला. आठ-दहा दिवस पुढे ढकला.
बाबांसाठी : कुंभलगडावर रामपोळ दरवाजानंतर माथ्यावरच्या बादल महालापर्यंत फरसबंदी चढण आहे. पायऱ्या कमी, पण उभी. त्यांना खाली वेदी मंदिरापाशी बसवून तुम्ही वर जाऊन या. ती ३६ किलोमीटरची म्हणतात ती तटबंदी खालूनही डोंगरामागून डोंगर गुंडाळत जाताना दिसते. चित्तोडला प्रश्नच नाही, सात दरवाजे ओलांडून गाडी थेट वर जाते.

चाकोरीबाहेर
ताई, चित्तोडला अर्धा दिवस पुरेल ना?

मीनल_बडोदेकर
छे! किल्ला नव्हे, पठारावरचं गावच ते, पाचेक किलोमीटर लांब. सकाळी लवकर वर जा. आणि काचा पूर्ण बंद. आमची मागची काच अर्धी उघडी राहिली, विजयस्तंभ बघून येतो तर वानर टपावर बसून आमचेच ठेपले खात होतं. डबा अजून गडावरच आहे.

गडकरी_बिनगडाचा
😀 विजयस्तंभ राणा कुंभाचा, १४४८चा, नऊ मजली. घाईत फक्त फोटो काढाल, जवळ जाऊन दगडातल्या मूर्ती बघा. १३०३, १५३५, १५६८ असे तीन वेढे सोसलेला गड आहे. पद्मिनीच्या आरशापाशी वाटाडे फार रंगवून सांगतात. ऐका, पण ती गोष्ट ज्यात आहे ते 'पद्मावत' काव्य खिलजीच्या १३०३च्या वेढ्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी लिहिलेलं आहे.
गागरोन मात्र गाळू नका. आहू आणि कालीसिंध नद्यांनी तीन बाजूंनी वेढलेला, जंजिरा उचलून टेकाडावर ठेवावा तसा. आम्ही गेलो तेव्हा तटावर आम्ही दोघे आणि चार शेळ्या.

चाकोरीबाहेर
ठरलं, तीनच. तारीख पुढे ढकलली. यादी बाबांना वाचून दाखवली, ते म्हणाले, "वेदी मंदिरापाशी तूच बस, मी वर जाऊन येतो." आता गुडघ्याचा चांगला पट्टा कुठे मिळतो तेवढं सांगा.