एडिसनच्या जाचामुळे हॉलिवूड वसलं, ही लोणकढी थाप आहे

निगेटिव्ह (धागाकर्ता)
सिनेमाच्या इतिहासावर गप्पा निघाल्या की हे हमखास येतं: एडिसनने कॅमेऱ्याच्या पेटंटांच्या जोरावर न्यूयॉर्कच्या निर्मात्यांना सळो की पळो करून सोडलं, ते बिचारे कॅलिफोर्नियाला पळाले, आणि हॉलिवूड उभं राहिलं. गोष्ट फर्मास आहे. पण आधी तिथे गेलं कोण ते बघा. १९०९ मध्ये लॉस एंजेलिसला बस्तान बसवणारा शिकागोचा निर्माता सीलिग एडिसनच्याच गोटातला. १९०८ च्या अखेरीस एडिसनच्या पुढाकाराने निघालेल्या मोशन पिक्चर पेटंट्स कंपनीचा, म्हणजे ‘ट्रस्ट’चा, तो सभासद. १९१० च्या जानेवारीत दिग्दर्शक ग्रिफिथला तिकडे पाठवणारी बायोग्राफ कंपनीही ट्रस्टचीच. हे लोक कुणाला भिऊन पळाले म्हणायचं?

ते गेले उन्हासाठी. तेव्हाच्या फिल्मला भरपूर उजेड लागे. सेटला छप्पर नसे, वर फक्त पातळ कापड ताणलेलं. शिवाय अमेरिकन पेटंट अख्ख्या देशाला लागू. दावा लॉस एंजेलिसच्या कोर्टातही ठोकता येत होता.

रिळवाला
कायदा एकच हो, पण तो बजावायला माणूस पाठवावा लागतो! न्यूयॉर्क-न्यू जर्सीत ट्रस्टचे हेर सेटभोवती घिरट्या घालायचे, कॅमेऱ्याच्या आत पेटंटवाली रचना वापरलीय का ते हुंगत. हजारो मैलांवर तेच करायचं तर खर्च आणि वेळ दोन्ही जातो.

आणि सीलिगचं नाव घेतलंत, बायसनचं सोयीस्कर गाळलंत. १९०९ च्याच अखेरीस लॉस एंजेलिसला पोचलेली ही कंपनी ट्रस्टबाहेरची. खुद्द हॉलिवूडमध्ये पहिला स्टुडिओ थाटणारी नेस्टरही (ऑक्टोबर १९११) बाहेरचीच. ट्रस्टबाहेरचा निर्माता कार्ल लेम्ले, त्याच्यावर ट्रस्टने २८९ खटले भरले. त्याची मंडळी १९११ च्या सुरुवातीला नटी मेरी पिकफर्डसह थेट क्युबात जाऊन शूटिंग करत होती. तेही उन्हासाठीच का?

निगेटिव्ह
थोडंफार उन्हासाठीही, हिवाळाच होता तो! क्युबाहून मंडळी परत कुठे आली? न्यूयॉर्कला. लेम्लेने खटले तिथेच राहून झेलले. ट्रस्टशी भांडणारा फिल्म-वितरक विल्यम फॉक्सही पळाला नाही, उलट ट्रस्टलाच कोर्टात खेचायला निघाला. पुढे सरकारने दावा लावला आणि १९१५ मध्ये ट्रस्ट बेकायदा ठरला. नेस्टरचं म्हणाल, तर तोवर फक्त ट्रस्टवाल्यांनाच फिल्म देणाऱ्या कोडॅकला १९११ च्या सुरुवातीलाच बाहेरच्यांनाही कच्ची फिल्म विकायची मोकळीक मिळाली होती. म्हणजे नेस्टर हॉलिवूडला जाईतो सर्वात घट्ट फास सैल झाला होता.

तिसरी घंटा
दोघांनाही फोर्ट लीचा विसर पडलेला दिसतोय. हडसन नदीपलीकडे, न्यू जर्सीत. एडिसनची प्रयोगशाळा त्याच राज्यात, आणि तरी एक्लेरसारख्या कंपन्या १९११ पासून तिथे स्टुडिओ बांधत होत्या. ट्रस्टची दहशत एवढी असती, तर त्याच्या अंगणात कुणी घर बांधलं असतं? फोर्ट लीला खरा फटका बसला महायुद्धाच्या काळात. १९१७-१८ च्या हिवाळ्यात कोळशाची टंचाई झाली, स्टुडिओ गरम ठेवता येईनात. तोवर एडिसनचा ट्रस्ट संपल्यात जमा होता.

पडद्यामागून
म्हणजे आता कोळशामुळे हॉलिवूड? 😀

रिळवाला
पडद्यामागून, अगदी! 😀
निगेटिव्ह, ऊन मला मान्यच आहे. पण नुसतं ऊन फ्लोरिडातही होतं. जॅक्सनव्हिलला कालेमसारख्या कंपन्या १९०८ पासून हिवाळ्यात जात होत्याच. मग हॉलिवूड तिथे का नाही झालं? लॉस एंजेलिसला डोंगर, वाळवंट, समुद्र सगळं जवळ, जमीन स्वस्त, कामगार संघटना दुबळ्या. हे कुणी मांडत नाही, कारण त्यात खलनायक नाही.

निगेटिव्ह
मग एवढा वेळ माझ्याशी भांडत का होतात?

रिळवाला
कारण ट्रस्टला तुम्ही फारच स्वस्तात सोडताय. थिएटरवाल्यांकडून प्रोजेक्टरपोटी आठवड्याला दोन डॉलर उकळणारी टोळी होती ती. अर्थात तिला शिव्या देणाऱ्या, पॅरामाउंटवाल्या झुकरने पुढे काय केलं? पिकफर्डचा एक सिनेमा हवा तर बाकीचे न बघता गठ्ठ्याने घ्या. ती गठ्ठाविक्री बंद व्हायला सुप्रीम कोर्टाचा १९४८ चा निकाल यावा लागला. त्यावर वेगळा धागा काढा, तिथेही भांडायला येतो.