केप हॅटरसचं दीपगृह जागेवरून हलवलं, ते बरोबर झालं का?

दर्यावर्दी
मागच्या महिन्यात रालेहून गाडी काढून आउटर बँक्सला, म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतच्या वाळूच्या बेटांवर गेलो होतो. बक्स्टन गावातलं केप हॅटरसचं दीपगृह, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पीळ घालत वर जातात ते, बऱ्याच जणांनी फोटोत पाहिलं असेल. विटांचं एवढं उंच दीपगृह अमेरिकेत दुसरं नाही. समोरच्या डायमंड शोल्सच्या बुडीत वाळूवर शेकडो जहाजं फुटली. १८०३ मध्ये इथे पहिला मनोरा उभा राहिला, पण तो ठेंगणा आणि दिवा मिणमिणता, त्यामुळे खलाशांच्या तक्रारी सुरूच राहिल्या. आताचा मनोरा १८७० चा.

तेव्हा समुद्र दीड हजार फूट लांब होता. १९३५ पर्यंत तो जेमतेम शंभर फुटांवर आला. शेवटी १९९९ च्या उन्हाळ्यात सुमारे ४,८०० टनांचा अख्खा मनोरा उचलून पोलादी मार्गावरून २,९०० फूट सरकवला. हायड्रॉलिक जॅक पाच फूट ढकलायचे, मग जॅक पुढे घ्यायचे, की पुन्हा पाच फूट. असे २३ दिवस! माझ्या मते याहून चांगला निर्णय झाला नसता. तुम्हाला काय वाटतं?

पायाभरणी
मला नाही पटत. मी बांधकामातला माणूस आहे, म्हणून पायाबद्दल बोलतो. आताचा मनोरा बांधताना खोदल्यावर थोड्याच खोलीवर पाणी लागलं. तेव्हा बांधणाऱ्यांनी पिवळ्या पाइनच्या जाड तुळया आडव्या-उभ्या अशा दोन थरांत त्या गोड्या पाण्यातच बसवल्या आणि वर ग्रॅनाइट रचला. सतत पाण्याखाली राहिल्याने लाकूड कुजलं नाही. किती वादळं आली, पण मनोरा ढळला नाही. हलवताना तो लाकडी पाया मागेच राहिला. आज मनोरा काँक्रीटच्या जाड थरावर उभा आहे. माझ्या लेखी निम्मं दीपगृह तिथेच राहिलं.

दर्यावर्दी
पायाचं कौतुक मलाही आहे. पण गोडं पाणी होतं तोवरच ते लाकूड टिकणार होतं. खारं पाणी आत शिरलं असतं किंवा लाटांनी खालची वाळू ओढून नेली असती, तर पायाही गेला असता आणि मनोराही.

खाडीकाठ
गावकऱ्यांचं म्हणणं कुणी मांडलंच नाही. हलवायला तिथे मोठा विरोध होता, कौंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचासुद्धा. वाटेत मनोऱ्याला तडा जाईल ही एक भीती. शिवाय नौदलाने १९७० च्या सुमाराला समुद्रात तीन आडवे बंधारे घातले होते, तसा आणखी एक घाला, एवढंच लोक मागत होते. मनोरा किनाऱ्यावर आहे तोवर सरकार किनारा सांभाळेल, हा त्यामागचा हिशोब. तो चुकीचा कसा म्हणायचा? आज जवळच्या रोडांथी गावात घरं एकेक करून समुद्रात कोसळताहेत. मनोऱ्यासाठी जवळपास १ कोटी २० लाख डॉलर निघाले. घरांच्या वाट्याला काय आलं?

भरती-ओहोटी
@खाडीकाठ, घरांचं दुःख खरं आहे. पण आडवा बंधारा एका अंगाला वाळू धरतो आणि पलीकडच्या किनाऱ्याला उपाशी ठेवतो. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन बंदराजवळचं मॉरिस आयलंडचं दीपगृह बघा. १८७६ मध्ये बांधलं तेव्हा ते चांगलं जमिनीवर होतं. बंदराच्या तोंडाशी दगडी बांध घातले, प्रवाह बदलला, बेटाची माती वाहून गेली. १९६२ मध्ये दिवा कायमचा मालवला. आता मनोरा चारी बाजूंनी पाण्यात, किंचित कललेला, एकटा उभा आहे. मी तो बोटीतून पाहिलाय. पोटात तुटतं. हॅटरसचं हेच व्हायचं होतं. १९८८ मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या अमेरिकेतल्या विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनीही हलवण्याचाच सल्ला दिला होता.

खाडीकाठ
बंधाऱ्याचा तोटा मान्य. पण हलवायचंच होतं, तर लोकांनाही आत सरकायला मदत करायची होती. दिवा सांभाळणारी माणसं याच गावांतली होती ना?

नवा वाचक
आता जहाजांवर जीपीएस असतं. एवढा खर्च कशासाठी?

दर्यावर्दी
हॅटरसचा दिवा आजही रोज रात्री लागतो. आणि @खाडीकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर एक सांगतो. जुन्या पायातले ग्रॅनाइटचे दगड काढून त्यांवर इथे दिवा सांभाळलेल्या ८३ जणांची नावं कोरली आहेत. आधी ते दगड मूळ जागी गोलात मांडले होते. लाटा आणि वाळू त्यांना गाडायला लागल्या, म्हणून तेही मनोऱ्याजवळ आणले. मी त्यातल्या एकावर बसलो होतो. कोरलेल्या अक्षरांत बारीक वाळू अडकली होती, ती नखाने काढली. मनोरा तिथेच ठेवला असता, तर ही नावं वाचायला आज कोण गेलं असतं?

पायाभरणी
ते दगड मूळ जागीच राहू द्यायला हवे होते. वाळूखाली गेले असते तरी चाललं असतं. त्या माणसांनी दिवा तिथे सांभाळला.