मदत हवी आहे: कड्याच्या पायथ्याची खाच लाटांनी कोरली की मिठाने?

भूगोल प्रकल्पासाठी एका सागरी कड्याचं निरीक्षण चालू आहे. पुढे तरंगघर्षित मंच (लाटांनी झिजवून सपाट केलेला खडक), पायथ्याशी लांब आडवी खाच. पुस्तकी उत्तर तयारच असतं: लाटांचा मारा. पण ही खाच नेहमीच्या भरतीरेषेच्या बरीच वर आहे आणि आत मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं आहेत. तशी छिद्रं मिठाचे स्फटिक वाढून कण सुटल्यानेही पडतात.

खडक वालुकाश्म; सौम्य आम्लाने फेस आला नाही, म्हणजे चुना विरघळल्याची शक्यता कमी. भरती-ओहोटीचे फोटो, उंचीची मोजमापं झाली आहेत. नमुने फोडायला परवानगी नाही.

वादळी लाटांचं खनन, क्षारांमुळे झालेलं विदारण (खडक जागच्या जागी फुटणं) आणि पूर्वीची उंच समुद्रपातळी, यांतला फरक नुसत्या निरीक्षणातून कोणत्या खुणांवरून ठरवायचा?