वॉटर स्कूटरच्या मागच्या कार्बोरेटरच्या स्क्रूपर्यंत हात पोहोचत नाही. तो बदलावा कसा?

प्रश्न: राजवाडा_इंदूर

नमस्कार. माझ्याकडे नव्वदच्या दशकातील यामाहाची दोन सिलिंडरची, 701 सीसीची टू-स्ट्रोक वॉटर स्कूटर आहे. ती इंदुरात घरीच असते आणि हिवाळ्यात ट्रेलरवर घालून आम्ही ती इंदिरा सागरच्या पाण्यावर, हनुवंतियाच्या बाजूला नेतो. तिला दोन मिकुनी कार्बोरेटर शेजारी शेजारी आहेत. पुढच्या कार्बोरेटरच्या दोन्ही स्क्रूंपर्यंत पेचकस पोहोचतो, परंतु मागच्याचा हाय-स्पीड स्क्रू (वेगात चालतानाचे मिश्रण ठरवणारा) अशा कोपऱ्यात आहे की तेथे बोटेसुद्धा वळत नाहीत, आणि त्याची खाच कोणीतरी आधीच झिजवून ठेवली आहे. त्याच कार्बोरेटरच्या लो-स्पीड (हळू चालतानाच्या) स्क्रूची प्लास्टिकची मूठही तुटली आहे.

पूर्ण थ्रॉटलला इंजिन अडखळत होते म्हणून एका गॅरेजात दाखवले. तेथील मिस्त्रींनी मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) करण्यासाठी पुढचा हाय-स्पीड स्क्रू अर्धी फेरी आत घेतला, आणि त्यानंतर गाडी जास्तच दम टाकू लागली. कार्बोरेटर न उतरवता स्क्रू बदलता येतील का, आणि नवे स्क्रू किती फेऱ्यांवर ठेवावेत?

उत्तर: जुने_गॅरेज

प्रथम एक विनंती करतो: हा स्क्रू पूर्ववत होईपर्यंत गाडी पूर्ण थ्रॉटलवर मुळीच चालवू नका.

आपल्याकडील बहुतेक मिस्त्रींचा हात आर एक्स 100 वर बसलेला आहे आणि माझाही तसाच बसला होता. त्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरचा बाजूचा स्क्रू हवेचा असतो. तो आत घेतला की हवा कमी होते आणि मिश्रण रिच होते. तुमच्या कार्बोरेटरचे दोन्ही मिश्रण-स्क्रू पेट्रोलचे आहेत. ते आत घेतले की पेट्रोल कमी होते, म्हणजे मिश्रण लीन होते, आणि बाहेर घेतले की रिच होते. मिस्त्रींनी प्रामाणिकपणे रिच करायला घेतलेले सिलिंडर त्यामुळे लीन झाले आहे. टू-स्ट्रोकमध्ये आत येणाऱ्या पेट्रोलने पिस्टनचा माथाही थंड राहतो. वॉटर स्कूटर तर मिनिटेच्या मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर धावते, तेव्हा लीन मिश्रणावर पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही.

आता फेऱ्यांविषयी. मूळ आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, कारण इंजिन तेच असले तरी जेटनुसार (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीनुसार) तो बदलतो. मात्र ते मॅन्युअल निव्वळ पेट्रोलसाठी लिहिलेले आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. निव्वळ पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, तर अशा मिश्रणाला साधारण 13.5 पटच पुरते, म्हणून जुन्या सेटिंगवर आजचे इंधन लीनच पडते. त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचावर आहे आणि इंदिरा सागरची पूर्ण पातळी 262 मीटरची आहे. खाली हवा किंचित दाट असते, त्यामुळे घरी नेमके बसवलेले मिश्रण पाण्यावर आणखी थोडे लीन होते. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा थोडे रिच ठेवून सुरुवात करा आणि अंतिम सेटिंग जलाशयावरच, दोन्ही स्पार्क प्लगचे रंग पाहून करा. तपकिरी रंग चांगला; पांढरट दिसला तर स्क्रू लगेच बाहेर घ्या.

उत्तर: नर्मदातीर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. स्क्रू बदलण्यापुरते सांगतो: मागचा कार्बोरेटर जागेवर ठेवून हे काम करू नका. लवचीक दांड्याच्या पेचकसाने शाबूत स्क्रू फिरवता येतो, पण झिजलेल्या खाचेत तो घसरतच राहील.

सीट काढून हलमधील (गाडीच्या नावेसारख्या सांगाड्यातील) पेट्रोलची वाफ अर्धा तास निघून जाऊ द्या, बॅटरीची ऋण तार सोडा, मग एअर फिल्टरचा डबा उतरवा. ऑइलच्या बारीक नळ्या, पेट्रोलच्या नळ्या आणि क्रँककेसमधून येणारी पल्सची (दाबाच्या ठोक्यांवर पेट्रोलचा पंप चालवणारी) नळी यांवर रंगीत दोरा बांधून खूण करा, आणि दोन्ही कार्बोरेटर जोडीनेच बाहेर घ्या. ऑइलची नळी सुटली की तिच्यात हवा शिरते. परत जोडल्यावर ती हवा काढल्याशिवाय इंजिन चालवू नये.

स्क्रू सोडण्याआधी तो अलगद आत टेकवा आणि किती फेऱ्या बसल्या ते लिहून ठेवा. जोर लावलात तर सुईसारखे टोक छिद्रातच दबते आणि मग नवा स्क्रूही उपयोगाचा राहत नाही. स्क्रूवर क्रमाने स्प्रिंग, वॉशर आणि ओ-रिंग (रबरी कडी) असते. स्क्रू बाहेर येतो, पण जुना वॉशर आणि चपटी झालेली ओ-रिंग पुष्कळदा छिद्राच्या तळाशीच चिकटून राहतात. टॉर्च लावून पाहा आणि पितळी तारेचा आकडा करून त्या ओढून काढा. त्यांच्यावरच नवा संच बसवला तर फेऱ्यांचा हिशेब चुकतो. खाच अगदीच गेली असेल तर रात्रभर गंज सोडवणारे तेल घालून ठेवा, पण ड्रिल लावू नका.

प्रश्नकर्ता: राजवाडा_इंदूर

दोघांचेही मनापासून आभार. जुने_गॅरेज काका, तुमचे वाचून पुढचा स्क्रू त्याच रात्री अर्धी फेरी बाहेर घेतला. रविवारी जोडी उतरवली. मागच्या हाय-स्पीड स्क्रूच्या छिद्रातून एक नव्हे, दोन वॉशर निघाले, आणि त्यांच्यामध्ये ओ-रिंगचा काळा चुरा अडकलेला होता. याचा अर्थ कोणीतरी यापूर्वीच जुन्या संचावर नवा चढवला होता. आता डायफ्रामही (कार्बोरेटरमधील लवचीक पडदे) बदलून घेतो आणि नवे प्लग घेऊनच जलाशयावर जातो.

उत्तर: जुने_गॅरेज

डायफ्राम बदलत आहात ते योग्यच आहे. इथेनॉल सोसणारे आहेत एवढे विचारून घ्या. घरी इंजिन तपासाल तेव्हा आधी ते सुरू करा आणि मग पाण्याचा नळ उघडा. थांबवताना आधी नळ बंद करा. उलट क्रमाने केल्यास एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरते.