सरकारी खरेदीत स्थानिक उद्योगांना झुकतं माप द्यावं का?

उंबरठा (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगतो. दर्जा सारखा असेल आणि दरातला फरक थोडा असेल, तर सार्वजनिक पैशातली खरेदी त्या भागातल्याच उद्योगाकडून व्हावी. आणि ही सवलत नियमात लिहिलेली असावी, समितीच्या मर्जीवर सोडलेली नसावी.

एका सार्वजनिक संस्थेच्या खरेदी समितीवर मी बाहेरचा सदस्य म्हणून काम केलंय. एकदा शाळांच्या बाकांची निविदा उघडली. सात जणांनी भरली होती, त्यातले चार तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या पात्रतेच्या छाननीतच, बाद झाले. उरलेल्या तिघांत सर्वांत कमी दर बऱ्याच लांबच्या पुरवठादाराचा होता. त्याच्याहून जेमतेम तीन टक्के जास्त दर देणारा कारखाना शाळांपासून तासाभराच्या अंतरावर होता. नियमाप्रमाणे काम एल-वनला, म्हणजे न्यूनतम दरवाल्याला गेलं.

सहा महिन्यांत बाकांच्या पायांचे जोड उकलायला लागले. हमी दोन वर्षांची होती, पण एकेक बाक परत पाठवण्याचा खर्च कोणी करायचा हे करारात कुठेच नव्हतं. पुरवठादार म्हणायचा, माल आमच्या कारखान्यात पोचवा, दुरुस्त करून देतो. मी एका शाळेत गेलो तेव्हा जिन्याखाली अकरा बाकं एकावर एक रचून ठेवलेली होती आणि मुलं जमिनीवर बसून लिहीत होती. हातात वेल्डिंगचं यंत्र असलेल्या माणसाचं ते एका दुपारचं काम होतं. आमच्या तुलनात्मक तक्त्यात मात्र तीन टक्के बचत अशीच नोंद आहे.

कोणी म्हणेल ही भावनेची गोष्ट झाली, पण मोठमोठे देश हेच करत आलेत. अमेरिकेने १९३३ मध्येच देशी मालाला प्राधान्य देणारा कायदा केला. दक्षिण आफ्रिकेत २००० च्या कायद्याने निविदेचे गुण ८०-२० किंवा ९०-१० असे विभागले. मोठा वाटा दराला, उरलेला सामाजिक उद्दिष्टांना. ब्राझीलने २००९ मध्ये शालेय आहारासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या निधीतला किमान ३० टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च करणं बंधनकारक केलं. भारतात केंद्रीय खात्यांनी वार्षिक खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा असं २०१२ चं धोरण सांगतं (सुरुवातीला हा वाटा २० टक्के होता, २०१८ मध्ये वाढवला).

कर त्याच भागातून गोळा होतो आणि मोडलेलं बाकही तिथल्याच मुलाच्या वाट्याला येतं. मग खरेदीच्या वेळीच तो भाग परका का व्हावा?

तराजू

असहमत. आणि तुमच्या बाकांच्या गोष्टीमुळेच जास्त असहमत. ती स्थानिकतेची गोष्ट नाही, कच्च्या कराराची आहे. "दुरुस्ती जागेवर येऊन, अमुक दिवसांत, न केल्यास (पुरवठादाराने आधी भरलेल्या) सुरक्षा अनामतीतून वजावट" एवढं एक कलम घातलं असतं तर लांबच्या पुरवठादाराने त्याचा खर्च दरात धरला असता. मग कदाचित तुमचा जवळचा कारखानाच एल-वन ठरला असता, कुणाच्याही उपकाराशिवाय. जवळ असण्याची किंमत आहे हे मान्य. पण ती निविदेच्या अटींतून मोजा. पत्ता बघून टक्के कशाला वाटायचे?

सवलत फुकट नसते. कॅलिफोर्नियात रस्त्यांच्या कामांत लहान ठेकेदारांना ५ टक्के सवलत होती (निविदांची तुलना करताना त्यांचा दर तेवढा कमी धरायचे), पण केंद्राचा पैसा असलेल्या कामांना ती लागू नव्हती. त्यामुळे दोन्हींची तुलना करता आली. अर्थशास्त्रज्ञ जस्टिन मॅरियन यांनी २००७ मध्ये ती प्रसिद्ध केली: सवलतीच्या कामांत सरकारला सुमारे ३.८ टक्के जास्त मोजावे लागले. त्याचं मुख्य कारण वाचून मी थबकलो. कमी खर्चात काम करू शकणारे मोठे ठेकेदार अशा निविदांकडे फिरकेनासेच झाले होते.

आता शेजाऱ्याचा विचार करा. तुम्ही दार लावलंत की तोही लावतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत जशास तसे कायदे आहेत: तुमच्या राज्यात बाहेरच्यांवर जितके टक्के चढतात, तितकेच आमच्याकडे तुमच्या लोकांवर चढतील. ज्या कारखान्याला तुम्ही घरात तीन टक्के दिलेत, त्याचे आजूबाजूचे सगळे बाजार तुम्हीच बंद केलेत. इटलीने दक्षिणेच्या मागास भागासाठी सार्वजनिक पुरवठ्यातला ३० टक्के वाटा राखून ठेवला होता. हेतू चांगलाच होता. एका आरोग्य संस्थेने क्ष-किरण फिल्म खरेदी केली, तिच्यावरून वाद गेला आणि १९९० मध्ये युरोपीय न्यायालयाने असा राखीव वाटा मुक्त व्यापाराच्या तत्त्वात बसत नाही असं ठरवलं. चांगला हेतू नियमाला पुरत नाही.

जोडणी

तुम्ही दोघं दरावर भांडताय, माझ्यासारखा तिथवर पोचतच नाही. माझं छोटं वर्कशॉप आहे, लोखंडी फर्निचरचं. धागाकर्त्याच्या निविदेतले जे चार तांत्रिक लिफाफ्यात बाद झाले, त्यांच्याबद्दल दोघांनीही एक शब्द लिहिला नाही. मी तसा अनेकदा बाद झालोय.

कशावर, ते सांगतो. तीन वर्षांची सरासरी उलाढाल कामाच्या कितीतरी पट हवी. "एकाच आदेशात" एवढ्याच संख्येचा माल पुरवल्याचा दाखला हवा. मी हजार बाकं बनवलीत, पण पन्नास-पन्नासच्या ऑर्डरी होत्या. दाखल्यांची फाईल जाडजूड आहे आणि अटीपुढे ती शून्य. युरोपच्या २०१४ च्या खरेदी निर्देशात उलाढालीची अट कामाच्या अंदाजित रकमेच्या दुपटीहून जास्त ठेवायला मनाई आहे. त्याहून वर जायचं तर तसं सबळ कारण लिहून द्यावं लागतं. मला पाच टक्के नकोत. मला ती एक ओळ हवी आहे.

आणि दुसरं दुखणं बिलाचं. एका संस्थेला माल दिला, पोच मिळाली, तपासणी झाली, सही झाली. मग "निधी आला नाही". अकरा महिने. तोवर पत्र्यावाल्याचे पैसे, कामगारांचे पगार, बँकेचा हप्ता, सगळं माझ्या अंगावर. कायदा माझ्या बाजूने आहे हे मला पाठ आहे: २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा, पैसे ४५ दिवसांत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण त्याच दारात पुढच्या वर्षी निविदा घेऊन जायचंय. व्याजाचा अर्ज मी लिहिला, दोनदा वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

मोठा पुरवठादार अकरा महिने थांबू शकतो, म्हणून तो कमी दर भरू शकतो. मला तो उशीर दरात धरावा लागतो. तराजू, तुमच्या हिशोबात मी "महाग" दिसतो तो इथे.

पडताळा

लेखापरीक्षणात आयुष्य गेलं, म्हणून दोन गोष्टी.

"स्थानिक" म्हणजे कोण, हे या धाग्यात अजून कोणी लिहिलेलं नाही. २०१२ च्या धोरणात उद्योगाचा आकार बघतात, गाव नाही. २०१७ च्या मेक इन इंडिया आदेशात मालातला देशी वाटा बघतात: ५० टक्के किंवा जास्त असेल तर पहिला वर्ग, २० ते ५० मध्ये असेल तर दुसरा. शहरं किंवा राज्यं जी सवलत देतात ती बहुधा पत्त्यावर. तिन्ही एकाच शब्दात कोंबले की गोंधळ होतो, आणि पत्त्याची सवलत सगळ्यांत आधी पोखरली जाते. एका तपासणीत मी "स्थानिक उत्पादका"ची कागदपत्रं मागवली. नोंदणी चोख, पाटी असलेला फोटो चोख. मग वीजबिलं मागवली. ज्या जागेत पाच यंत्रं चालतात असं लिहिलं होतं, तिथला महिन्याचा वापर एका दिव्याला पुरेल एवढा होता. माल दुसरीकडून येत होता, इथे फक्त मालासोबतची पावती बदलत होती.

दुसरं. काम छोट्या भागांत द्या म्हणताच अधिकारी घाबरतात, कारण खरेदीचे तुकडे पाडले हा आमचा नेहमीचा आक्षेप. पण आक्षेप कशाला असतो ते नीट समजून घ्या. वरची मंजुरी किंवा निविदा टाळण्यासाठी मागणी फोडली तर तो दोष. एकच निविदा, एकूण रक्कम धरूनच मंजुरी, आणि आत पाच गट, प्रत्येकाला वेगळा दर भरायची मुभा, यात काहीच गैर नाही. युरोपात तर उलटं आहे. मोठं काम गटांत विभागलं नाही तर का नाही ते लिहावं लागतं.

उंबरठा

जोडणी, तुमचं म्हणणं लागलं. त्या चार लिफाफ्यांवर मीही "अपात्र" या शेऱ्याखाली सही केली होती. त्यातल्या एकाची फाईल खूप जाड होती, हे आज आठवतंय.

तरीही सवलत सोडायला मी तयार नाही. तराजूंनी कॅलिफोर्निया दाखवलं, पण निविदा हाही एक लिलावच, आणि लिलावाचं गणित एकाच दिशेने जात नाही. मॅकअफी आणि मॅकमिलन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं की दुबळ्या स्पर्धकाला थोडं झुकतं माप दिलं तर बलवान स्पर्धक गाफील राहत नाही, दर खाली आणतो. काही परिस्थितीत सरकारचा खर्च कमीही होतो. शिवाय भारतातल्या २०१२ च्या धोरणात जादा पैसे द्यायचेच नाहीत. लघु उद्योगाचा दर एल-वनच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्याने एल-वनच्या दराला यायचं आणि कामातला हिस्सा घ्यायचा.

आणि प्रेस्टन बघा. इंग्लंडमधलं शहर, २०११ मध्ये तिथला मोठा व्यापारी संकुलाचा प्रकल्प बारगळला. मग तिथल्या सहा मोठ्या सार्वजनिक संस्थांनी आपला खर्च कुठे जातो ते मोजलं. २०१२-१३ मध्ये शहरात फक्त ५ टक्के राहत होता, २०१६-१७ पर्यंत तो १८.२ टक्क्यांवर गेला.

तराजू

प्रेस्टन माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. तिथे पत्त्यावर टक्के वाटले नाहीत, तो रस्ता युरोपच्या नियमांनी बंदच होता. त्यांनी कामं लहान केली, स्थानिक पुरवठादारांना निविदा भरायला मदत केली, सामाजिक लाभ निकषांत मोजला. म्हणजे जोडणी आणि पडताळा म्हणतायत तेच.

एल-वनच्या दराला येण्याच्या सोयीतही एक गाठ आहे. मी घाम गाळून कमी दर काढणार आणि दुसरा कोणी नुसतं "मलाही जमेल" म्हणून हिस्सा नेणार, हे माहीत असेल तर मी तळाचा दर कशाला भरू? हा तोटा कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

एक मात्र मागे घेतो. पहिल्या प्रतिसादात मी कच्च्या कराराचा दोष दाखवला आणि थांबलो. अकरा महिने थकलेलं बिल हाही कच्चा करारच आहे, आणि तो मोडणारी बाजू सरकारी आहे. युरोपात सरकारी यंत्रणांना ३० दिवसांची मुदत आहे, आरोग्यसेवेसारख्या ठिकाणी फार तर ६०. उशिराचं व्याज अर्ज न करता, आपोआप बिलात चढावं. यावर उंबरठा, तुम्ही आणि मी एकाच कागदावर सही करू शकतो. सवलतीवर नाही.

जोडणी

आपोआप चढणार असेल तर ड्रॉवरमधला अर्ज फाडता येईल. तोवर उंबरठा, एक विनंती. तुमच्या समितीपुढे पुढची निविदा मसुद्यात असतानाच येत असेल, तर "एकाच आदेशात" हे दोन शब्द खोडायला सांगा. सवलतीचं तुमचं तुम्ही नंतर ठरवा.

उंबरठा

मसुदा पुढच्या बैठकीत आहे. ते दोन शब्द आणि जागेवर दुरुस्तीचं कलम, दोन्ही लेखी मांडतो. सवलतीचा प्रस्तावही त्याच दिवशी ठेवणार आहे, पडताळांच्या वीजबिलाच्या अटीसह.